सुई टोचण्याआधी

जुलै 2025 मध्ये अभिनेत्री उर्फी जावेदने इन्स्टाग्रामवर एक व्हिडिओ टाकला. त्यात तिच्या ओठांत एकामागून एक इंजेक्शनं दिली जात होती आणि पुढच्या दृश्यांत ओठ आणि चेहरा ओळखू येऊ नये इतका सुजला होता. अठराव्या वर्षापासून तिच्या ओठांत उठाव देणारं फिलर होतं. ते चुकीच्या जागी बसलं होतं म्हणून विरघळवून घेतलं, असं तिने सांगितलं. फिलर पुन्हा घ्यायला आपली हरकत नाही, फक्त ते नैसर्गिक दिसावं आणि डॉक्टर जाणकार असावा, हेही तिने जोडलं.

असे व्हिडिओ डोंगरकड्याला पोचायला वेळ लागत नाही. डोंगरकडा हे कळमनुरी तालुक्यातलं, हिंगोली-नांदेड रस्त्यावरचं गाव. मोठं दुखणं निघालं की इथली माणसं अर्धापूरमार्गे नांदेड गाठतात. फिलर घ्यायचं ठरवलं तरी वाट तीच. दुपारी सुई घ्यायची, संध्याकाळी एस.टी.ने गावी परतायचं आणि रात्री काही बिघडलं तर पुन्हा तोच रस्ता. शहरातल्या माणसाला या ये-जा करण्याचा विचार करावा लागत नाही. गावातल्या माणसाने तो सर्वांत आधी करायला हवा, कारण फिलरमधला सर्वांत वाईट अपघात मिनिटांच्या हिशेबात घडतो.

सिरिंजमध्ये काय असतं

आज सर्वाधिक वापरलं जाणारं फिलर म्हणजे हायलुरॉनिक ॲसिडची जेल. नावात ॲसिड असलं तरी ते जाळणारं नाही. 1934 मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी ते गाईच्या डोळ्यातून वेगळं काढलं. माणसाच्या त्वचेत, सांध्यांत, डोळ्यांतही ते असतंच. सत्तर किलो वजनाच्या शरीरात साधारण 15 ग्रॅम, आणि त्यातला जवळपास एकतृतीयांश भाग रोज मोडून नव्याने तयार होतो. म्हणजे हाच पदार्थ जसाच्या तसा गालात टोचला तर काही दिवसांत नाहीसा होईल. म्हणून कारखान्यात एका रसायनाच्या मदतीने त्याच्या साखळ्या एकमेकींना जोडतात. मग तयार होणारी जेल महिनोन् महिने टिकते. रेस्टिलेन हे अशा जेलमधलं पहिलं मोठं नाव. ते 1996 मध्ये युरोपात आणि डिसेंबर 2003 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं.

बोटॉक्स आणि फिलर यांची अनेकदा गल्लत होते. बोटॉक्स स्नायू सैल करतं, त्यामुळे कपाळावर आठी पडत नाही. फिलर खोलगट जागा भरून काढतं किंवा ओठ, हनुवटी, गाल यांना उठाव देतं. दोन्ही औषधं वेगळी आहेत आणि त्यांचे धोकेही वेगळे आहेत. उन्हात राबलेल्या चेहऱ्यावरचे वांग, मुरुमांचे काळे डाग, रापलेली त्वचा यांवर फिलरचा काही उपयोग नाही. ‘चेहरा काळवंडलाय, काहीतरी भरून द्या’ अशी मागणी घेऊन आलेल्या माणसाला फिलर विकणारा दवाखाना पहिल्याच पायरीवर चुकतो.

गाल भरण्याची गरज फक्त हौसेची असते असंही नाही. एच.आय.व्ही.च्या जुन्या औषधांपैकी स्टॅव्हुडिनमुळे गालांवरची चरबी झडायची. भारतात 2004 पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळू लागलेल्या औषधांत तेही होतं. खोल गेलेले गाल पाहून लोक आजार ओळखतील, ही भीती रुग्णांना आजाराइतकीच छळायची. पॉलिलॅक्टिक ॲसिडच्या फिलरला अमेरिकेत 2004 मध्ये पहिली मंजुरी मिळाली ती याच कारणासाठी.

हायलुरॉनिक ॲसिडखेरीज कॅल्शियम हायड्रॉक्सिॲपेटाइट, पॉलिलॅक्टिक ॲसिड आणि कायम टिकणारे पी.एम.एम.ए. या प्लास्टिकचे सूक्ष्म कण हेही फिलर म्हणून वापरतात. घेणाऱ्याच्या दृष्टीने त्यांच्यातला फरक एका वाक्यात मावतो : चुकलं तर इंजेक्शनने विरघळवता येतं ते फक्त हायलुरॉनिक ॲसिड. उर्फीला ओठ पूर्ववत करता आले ते त्यामुळेच. पहिल्यांदा फिलर घेणाऱ्याने ‘कायमचं बसतं’ या जाहिरातीला भुलू नये, ते याच कारणासाठी. कायम टिकणाऱ्या फिलरमधली चूकही कायम टिकते, आणि ती काढायला शस्त्रक्रिया लागते.

कायम टिकणाऱ्या पदार्थांचा इतिहास फारसा चांगला नाही. 1899 च्या सुमारास व्हिएन्नात रॉबर्ट गेर्सुनी या शल्यविशारदाने शरीरात पॅराफिन टोचण्याचा मार्ग दाखवला आणि युरोपात त्याची लाट आली. काही वर्षांत गाठी, जखमा, सरकलेलं मेण अशा तक्रारींचा ढीग झाला. पुढे मार्लबरोची डचेस झालेल्या ग्लॅडिस डीकनने नाक सरळ दिसावं म्हणून पॅराफिन टोचून घेतलं. ते खाली घसरलं आणि सुंदर म्हणून गाजलेला चेहरा बिघडला. त्यानंतर द्रवरूप सिलिकॉनचा जमाना आला आणि त्याचीही तीच गत झाली. चेहऱ्याला किंवा शरीराला आकार देण्यासाठी सिलिकॉन टोचायला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची आजही मंजुरी नाही.

विरघळणारी जेल तरी ठरल्या वेळी निघून जाते का? दवाखान्यात सहा महिने ते दीड वर्ष असा काळ सांगतात. मोबिन मास्टर या ऑस्ट्रेलियातल्या तज्ज्ञाने 2024 मध्ये 33 जणांच्या एम.आर.आय.चा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्यापैकी कुणीही आधीच्या दोन वर्षांत गालात फिलर घेतलं नव्हतं, तरी सगळ्यांच्या चेहऱ्यात ते सापडलं. उठाव दिसेनासा झाला म्हणजे आतली जेल संपली असं नाही. दर सहा महिन्यांनी ‘टच-अप’ घेत राहिलं तर जुन्यावर नवं साचत जातं आणि चेहरा फुगीर दिसू लागतो.

भुवयांच्या मधली धमनी

फिलरचा सर्वांत मोठा धोका ज्या धमनीत आहे, तिची गोष्ट जुनी आहे. ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये एक पत्र आणि एका मराठी माणसाचं चित्र छापून आलं. त्याचं नाव कावसजी. तो इंग्रजी फौजेत बैल हाकायचा. 1792 च्या युद्धात टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला आणि त्याचं नाक व एक हात कापला गेला. पुढे विटा पाडणाऱ्या समाजातल्या एका कारागिराने पुण्याजवळ त्याला नवं नाक बसवलं. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिलं. आधी मेणाचं नाक करायचं, ते सपाट करून कपाळावर ठेवायचं, त्या मापाने कपाळाची कातडी सोडवायची आणि खाली वळवून नाकाच्या जागी बसवायची. सांध्यावर भिजवलेल्या काताच्या पट्ट्या. सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे कातडी पूर्ण कापायची नाही. भुवयांच्या मध्ये एक देठ जोडलेला ठेवायचा आणि तो साधारण पंचविसाव्या दिवशी तोडायचा. हे वर्णन वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने 1814 मध्ये लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली, आणि कपाळाच्या कातडीने नाक घडवण्याची रीत आजच्या प्लास्टिक सर्जरीतही टिकून आहे.

तो देठ नव्या नाकाला जगवायचा, कारण भुवयांच्या आतल्या टोकापाशी डोळ्याच्या खोबणीतून वर येणारी एक बारीक धमनी आहे. तिचं रक्त मिळत राहिलं म्हणून कपाळाची कातडी नाकावर रुजली. पण ही धमनी ज्या मोठ्या धमनीची फांदी आहे, तिचीच दुसरी फांदी डोळ्याच्या दृष्टिपटलाला रक्त देते. आठी भरण्यासाठी भुवयांच्या मध्ये खुपसलेल्या सुईचं टोक नेमकं या धमनीत शिरलं आणि सिरिंज जोरात दाबली, तर जेल रक्ताच्या उलट्या दिशेने मागे ढकलली जाते. दाब थांबला की रक्ताचा प्रवाह तिला पुढे नेतो आणि ती दृष्टिपटलाच्या धमनीत अडकते.

त्यासाठी फार जेल लागत नाही. भुवयांच्या मध्यापासून खोबणीच्या टोकापर्यंत या धमनीत सरासरी 0.085 मिलिलिटर मावतं, असं मृतदेहांवरच्या एका अभ्यासात आढळलं. म्हणजे जेमतेम दीड-दोन थेंब. फिलरची सिरिंज बहुधा एक मिलिलिटरची असते.

2015 मध्ये कॅनडातल्या त्वचारोगतज्ज्ञ केटी बेलेझने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांतून फिलरनंतर दृष्टी गेल्याच्या किंवा बिघडल्याच्या 98 घटना गोळा केल्या. त्यांत सर्वाधिक भुवयांच्या मध्यातल्या होत्या, त्याखालोखाल नाकाच्या, मग नाकापासून ओठाकडे जाणाऱ्या रेषेच्या आणि कपाळाच्या. चार वर्षांनी त्यांनी आणखी 48 घटनांची भर घातली. जगभर घेतल्या जाणाऱ्या लाखो इंजेक्शनांच्या तुलनेत हा आकडा लहान आहे. पण गेलेली दृष्टी बहुतेकांना परत मिळाली नाही. म्हणून ‘नाक जरा धारदार करून घेऊ, ऑपरेशन थोडंच आहे’ असं म्हणणाऱ्याला ठाऊक हवं, की चेहऱ्यावरच्या सर्वांत धोकादायक जागांपैकी एक तो निवडतो आहे.

मिनिटांचा हिशेब

दृष्टिपटल रक्तावाचून किती वेळ तग धरतं? मूळचे पंजाबचे आणि पुढे अमेरिकेत आयोवाला काम केलेले नेत्रसंशोधक सोहनसिंग हेरेह यांनी माकडांवर प्रयोग केले. साधारण 97 मिनिटांपर्यंत इजा दिसली नाही, चार तासांनंतर मात्र ती भरून न येणारी होती. माणसाच्या बाबतीत डॉक्टर याहून कमी, तास-दीड तास धरून चालतात. डोंगरकड्याहून निघून नांदेडचा नेत्रतज्ज्ञ गाठेपर्यंत यातला बराचसा वेळ रस्त्यावरच संपतो. त्यामुळे सुई घेतल्यावर लगेच बस पकडणं बरं नाही. निदान तासभर दवाखान्यात बसावं आणि ती रात्र शक्य तर शहरातच काढावी. डोळ्याचा अपघात बहुधा सुई आत असताना किंवा लगेचच जाणवतो, पण कातडीचं दुखणं काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी उघड होतं.

अशा अपघातांवर उतारा म्हणजे हायलुरॉनिडेज. हे विकर हायलुरॉनिक ॲसिड तोडतं. डोळ्याच्या शस्त्रक्रियेआधी भूल नीट पसरावी म्हणून नेत्रतज्ज्ञ ते पूर्वीपासून वापरतात, त्यामुळे ते भारतात सहज मिळतं. निसर्गातही त्याचं काम पसरवण्याचंच आहे : अनेक सापांच्या आणि मधमाशीच्या विषात ते असतं, त्यामुळे विष पेशींमधून वेगाने पुढे सरकतं. मधमाशीच्या किंवा गांधीलमाशीच्या दंशाने कधी अंग सुजलं असेल, दम लागला असेल, तर ते डॉक्टरला आधीच सांगायला हवं, कारण अशा माणसाला या उताऱ्याचीच ॲलर्जी असू शकते. कातडीचा रक्तपुरवठा तुटला तर हे इंजेक्शन भरपूर मात्रेत आणि तासातासाला पुन्हा द्यावं लागतं, म्हणून दवाखान्यात एकच कुपी असून भागत नाही. कातडी त्याने बहुधा वाचते. डोळ्याच्या बाबतीत मात्र कुणीच खात्री देत नाही.

धोक्याची लक्षणं घरच्यांनाही माहीत असावीत. सुईच्या मानाने फारच जास्त आणि वाढत जाणारी वेदना. कातडी पांढुरकी पडणं किंवा तिच्यावर जांभळट जाळी उमटणं. बोटाने दाबून सोडल्यावर दोन-तीन सेकंदांत रंग परत न येणं. सावळ्या वर्णावर फिकेपणा पटकन दिसत नाही, म्हणून ओठाच्या आतली बाजू आणि हिरड्याही पाहाव्यात. दोन-तीन दिवसांनी त्या जागी बारीक पुळ्या आल्या तर त्या मुरुमाच्या समजून मलम लावत बसू नये. डोळ्यात कळ, अंधूक दिसणं, पापणी खाली पडणं, अचानक डोकेदुखी आणि उलटी यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट पाहायची नाही.

सुई कोणाच्या हातात

सप्टेंबर 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने केशरोपण आणि सौंदर्यविषयक शस्त्रक्रियांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात प्लास्टिक सर्जरीचं किंवा त्वचारोगाचं रीतसर शिक्षण आणि पुरेसं शल्यप्रशिक्षण यांवर भर होता, आणि कार्यशाळा किंवा यूट्यूब पाहून शिकणं पुरेसं नाही, हेही स्पष्ट म्हटलं होतं. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने फिलरबद्दलचे निकष 2008 मध्येच प्रसिद्ध केले आहेत. पाटीवरचे ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’, ‘एस्थेटिक एक्स्पर्ट’ हे शब्द म्हणजे त्वचारोगातली एम.डी. पदवी नव्हे. डॉक्टरचा नोंदणी क्रमांक विचारावा आणि तो महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तपासून घ्यावा. यात संकोच वाटण्यासारखं काही नाही.

ब्युटी पार्लरमध्ये मिळणारं फिलर, मैत्रिणीने ऑनलाइन मागवलेली सिरिंज, सुईशिवाय दाबाने जेल आत मारणारं ‘पेन’ हे सगळं टाळायचं. अशा पेनांविरुद्ध अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर 2021 मध्ये इशारा दिला. मराठवाड्यात आणखी एक अडचण आहे. बहुतेक जेल 25 अंशांच्या आत ठेवायच्या असतात. एप्रिल-मे महिन्यात चाळिशी ओलांडणाऱ्या उन्हात कुरिअरच्या गाडीतून आलेल्या सिरिंजच्या आत काय झालं, हे डोळ्यांनी कळत नाही.

वयाचाही प्रश्न आहे. अमेरिकेत ओठांच्या फिलरला मंजुरी आहे ती एकवीस वर्षांपुढच्यांसाठी. इंग्लंडमध्ये 1 ऑक्टोबर 2021 पासून अठरा वर्षांखालच्या मुलांना हौसेपोटी फिलर देणं हा गुन्हा आहे. बारावीच्या सुट्टीत ओठ करून घ्यायचा हट्ट धरणाऱ्या लेकीला आईने एवढं तरी वाचून दाखवावं.

नांदेडच्या विष्णुपुरीला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि 2024 मध्ये हिंगोलीलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. चेहऱ्याची तक्रार नेमकी कसली आहे, हे आधी सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात दाखवून घेता येतं. तिथल्या डॉक्टरला सिरिंज विकायची नसते.

हळदीच्या आधी

गावाकडे फिलरची चौकशी लग्नसराईत वाढते. सुईनंतर सूज आणि काळंनिळं पडणं आठवडाभर, कधी दोन आठवडे राहतं. आकार कमी-जास्त वाटला तर दुरुस्तीलाही वेळ लागतो. त्यामुळे हळदीच्या निदान महिनाभर आधी हे उरकायला हवं. ताज्या सुईच्या छिद्रांवर हळद, उटणं, मेकअप काहीच लावायचं नसतं, आणि मांडवात कुणी प्रेमाने गाल चोळायला आलं तर नवरीला नाही म्हणता येत नाही.

गरोदरपणात आणि अंगावर दूध पाजताना फिलर घेत नाहीत. चेहऱ्यावर फोड, पिकलेला मुरूम, दाताचं गळू असेल तर आधी ते बरं करायचं. ओठांवर वारंवार बारीक फोड उठत असतील तर सुईने ते पुन्हा उफाळू शकतात, म्हणून डॉक्टर आधीपासून गोळ्या देतात. जखमेचा वण जाड आणि उंच होण्याची सवय, संधिवातासारखे प्रतिकारशक्तीचे आजार, भुलीच्या औषधाची ॲलर्जी आणि पूर्वी घेतलेलं फिलर, हे सगळं न लपवता सांगायचं. ॲस्पिरिनसारख्या गोळ्यांमुळे सुईच्या जागी काळंनिळं जास्त पडतं. पण हृदयासाठी चालू असलेली गोळी गालाच्या हौसेपायी आपल्या मनाने बंद करणं हा भलताच सौदा ठरेल.

पैसे आणि कागद

एका सिरिंजला साधारण पंधरा-वीस हजारांपासून पुढे खर्च येतो आणि अनेकदा एका सिरिंजवर भागत नाही. जन्मजात व्यंग किंवा अपघाताची दुरुस्ती सोडली तर सौंदर्योपचारांना वैद्यकीय सेवेची जी.एस.टी. सवलत मिळत नाही, त्यामुळे बिलावर कर वेगळा. आरोग्यविम्यात सौंदर्योपचार वगळलेले असतात. जो दवाखाना बिलाशिवाय स्वस्तात करून देतो म्हणतो, तो पुढे भांडायला लागणारा पुरावाही काढून घेत असतो.

सिरिंजचं सीलबंद खोकं आपल्यासमोर फोडायला सांगावं. त्यावरचं नाव, बॅच क्रमांक आणि मुदत मोबाइलवर टिपून घ्यावी. खोक्यातलं स्टिकर आपल्या कागदांवर चिकटवून मागावं. संमतीपत्र समजेल अशा भाषेत आहे का, ते पाहावं. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2008 मध्ये सांगितलं, की उपचाराचं स्वरूप, धोके आणि पर्याय यांची पुरेशी माहिती दिल्यावरच संमती खरी धरली जाईल. डॉक्टरने पैसे घेऊन दिलेली सेवा ग्राहक कायद्यात येते, हे 1995 च्या व्ही. पी. शांता निकालाने ठरलं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार राहत्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. म्हणजे सुई पुण्यात टोचली असली तरी डोंगरकड्याच्या माणसाला हिंगोलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दाद मागता येईल.

वेळ ठरवण्याआधी दवाखान्यात फोन करून एवढं विचारून घ्यावं : कोणतं फिलर वापरणार, ते विरघळवता येतं का? हायलुरॉनिडेजच्या किती कुप्या तयार असतात? डोळ्याचा त्रास झाला तर कोणत्या नेत्रतज्ज्ञाकडे नेणार, आणि त्याच्याशी आधी बोलणं झालं आहे का? रात्री नऊनंतर फोन कोण उचलेल? यावर ‘ताई, काही होत नाही, बिनधास्त या’ एवढंच उत्तर आलं, तर दुसऱ्या दवाखान्याचा नंबर लावावा.